ठिणगीचा शोध

‘शोध’ हा शब्द आपल्या भाषेत दोन कामे करतो. जे पूर्वी कोणास ठाऊक नव्हते ते प्रथम हाती लागणे हाही शोध, आणि जे कोठे तरी हरवले वा लपले आहे ते धुंडाळणे हाही शोधच. मोटारीच्या एंजिनात पेट्रोल पेटविणारी जी विजेची ठिणगी, तिच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ एकमेकांत गुंतलेले आहेत. ठिणगी कोणी निर्माण केली हे ग्रंथांत सापडते. परंतु ती नाहीशी झाल्यावर माणसांनी घराच्या अंगणात, पडवीत, रस्त्याच्या कडेला ती कशी धुंडाळली, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही शोधांची हकीकत सांगण्याचा विचार आहे. लेखक व्यवसायाने वकील आहे, यंत्रज्ञ नव्हे. तथापि दोष नेमका कोणाचा हे ठरविण्याची विद्या वकिलाच्याही नित्य परिचयाची असते, एवढ्या आधारावर त्याने या विषयात शिरण्याचे धाडस केले आहे.

एंजिनाच्या नळकांड्यात हवा आणि पेट्रोलची वाफ दट्ट्याने दाबली जाते आणि नेमक्या क्षणी ती पेटावी लागते. क्षणभर अगोदर पेटली तर दट्ट्या उलट ढकलला जातो, उशिरा पेटली तर बळ वाया जाते. हे पेटविणे विजेने साधेल ही कल्पना मोटारीपेक्षा पुष्कळच जुनी आहे. इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने १७७६-७७ च्या सुमारास दलदलीतून निघणारा वायू एका बंद भांड्यात विजेच्या ठिणगीने पेटवून दाखविला होता. पुढे १८६० साली पॅरिसमध्ये लन्वार याने वायूवर चालणारे एंजिन बनविले आणि त्यात बॅटरी व तारेचे वेटोळे, म्हणजे आपण ज्यास आज कॉइल म्हणतो ते साधन, वापरून ठिणगी पाडली. परंतु त्या काळच्या बॅटऱ्या दुबळ्या आणि तारांची वेष्टणे कच्ची. ठिणगीचा भरवसा नसे. म्हणूनच १८७६ साली जर्मनीत ओटो याने चार टप्प्यांचे एंजिन सिद्ध केले, तेव्हा त्याने विजेचा नाद सोडून जळत्या ज्योतीचाच आश्रय घेतला. डाइमलर याने १८८३ मध्ये आणखी निराळी युक्ती काढली. एक लहानशी नळी बाहेरून दिव्याने सतत लाल तापवून ठेवावयाची आणि तिच्या उष्णतेने आतील वाफ पेटवावयाची. देवापुढील नंदादीप जसा अहोरात्र तेवत ठेवावा, तसा हा दिवा गाडी चालू असेतोवर तेवत ठेवावा लागे. शेजारीच पेट्रोल! वारा आला तर दिवा विझण्याची भीती, आणि गाडी उलटली तर तो न विझण्याची भीती.

कार्ल बेंझ याने मात्र विजेचाच हट्ट धरला. २९ जानेवारी १८८६ रोजी त्याने आपल्या तीन चाकांच्या मोटारगाडीसाठी एकाधिकारपत्राचा अर्ज केला, त्या गाडीत बॅटरी आणि थरथरणाऱ्या पट्टीची कॉइल होती. प्रज्वलन हीच या गाडीची सर्वांत अवघड समस्या आहे, असे बेंझचे मत असल्याचे सांगतात. ते खरे असावे, कारण गाडीच्या पहिल्या दूरच्या प्रवासातच या समस्येने डोके वर काढले.

तो प्रवास बेंझने केलेला नव्हे. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची पत्नी बेर्टा ही ऑयगेन व रिखार्ड या दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्झहाइम येथे आपल्या माहेरी निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधन संपत आले, तेव्हा वीस्लोख गावच्या औषधांच्या दुकानातून कपड्यांचे डाग काढण्याचे द्रव्य विकत घेऊन तिने ते टाकीत ओतले. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. आणि प्रज्वलनाच्या तारेचे वेष्टण झिजून वीज भलतीकडे जाऊ लागली, तेव्हा मोजे बांधण्याचा पट्टा काढून तिने त्या तारेवर गुंडाळला, अशी हकीकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मोटारीच्या इतिहासातील प्रज्वलनदोषाची ही पहिली प्रसिद्ध दुरुस्ती होय; आणि ती कोणा कारखान्यात न होता, माहेरी निघालेल्या एका गृहिणीने हाताशी होते तेवढ्या साधनांनी रस्त्यावर केलेली आहे. त्या काळी रस्त्यात दुरुस्तीची दुकाने नव्हती. मोटार असणे म्हणजे तिचे दुखणे ओळखता येणे, असाच त्या काळचा अर्थ होता.

पुढील पंचवीस वर्षांत ठिणगीस स्थैर्य आले. श्टुटगार्ट येथील रोबर्ट बोश याच्या कार्यशाळेने १८९७ साली मॅग्नेटो हे यंत्र मोटारवाहनास जोडले. यात बॅटरी लागत नाही. चुंबक व तारेची गुंडाळी यांच्या फिरण्यातूनच वीज उपजते. याच कार्यशाळेतील गोटलोब होनोल्ट याने १९०२ मध्ये त्या मॅग्नेटोला उच्च दाबाचे रूप दिले आणि त्याच्या जोडीस ठिणगी पाडणारा प्लग बसविला. अमेरिकेत १९०८ साली फोर्डची ‘मॉडेल टी’ आली आणि १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. तिच्यात चार नळकांड्यांस चार कॉइल, प्रत्येकीवर एक थरथरती पट्टी, आणि त्या सर्व एका लाकडी पेटीत. एंजिन अडखळू लागले की मालक ती पेटी उघडी आणि पट्ट्या बोटाने आळीपाळीने दाबून धरी. जी दाबल्याने एंजिनाचा आवाज अधिक बिघडे ते नळकांडे निर्दोष. जी दाबूनही काहीच फरक पडत नाही, ते नळकांडे मुळातच मुके झालेले. परीक्षा एवढीच! तिला ना उपकरण लागे ना शाळा. शेतकरी, वैद्य, पाद्री, सर्वांनी ती आत्मसात केली होती.

यानंतरचे नाव चार्ल्स केटरिंग याचे. ओहायो राज्यातील डेटन गावी तो एका कारखान्यात नोकरीस होता आणि संध्याकाळी एडवर्ड डीड्स या आपल्या सहकाऱ्याच्या घरामागील कोठारात काही मित्रांसह खटपट करीत असे. त्या कोठारातून निघालेली बॅटरीवरील प्रज्वलनाची पद्धत १९१० च्या कॅडिलॅक गाडीत बसली, आणि १९१२ च्या गाडीत हँडल मारण्याचे कष्ट वाचविणारा विजेचा स्टार्टर आला. केटरिंगची ही प्रज्वलनपद्धत पुढे साठ वर्षे जगभरच्या मोटारींनी जवळजवळ जशीच्या तशी वापरली. आपल्याकडे १९५७ पासून अँबॅसडरमध्ये आणि कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट व पद्मिनीमध्ये तीच होती.

तिची रचना समजण्यास कठीण नाही. १८३१ साली फॅरडेने दाखवून दिले की, एका वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी बदलला तर शेजारच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. कॉइलमध्ये जाड तारेचे काहीशे वेढे आणि केसासारख्या बारीक तारेचे कित्येक हजार वेढे असतात. बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह जाड तारेतून वाहत असतो. डिस्ट्रिब्यूटरमधील ‘पॉइंट’ या दोन लहान ठोकळ्यांनी तो एकदम तोडला, की बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब उसळतो. फिरता रोटर तो ज्या त्या प्लगकडे पाठवितो. पॉइंटमधील फट सुमारे ०.४ मिलिमीटर; म्हणजे चार-पाच पोस्टकार्डांच्या थराहूनही कमी. एंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असेल तर चार नळकांड्यांस मिळून दर सेकंदाला शंभर ठिणग्या लागतात. एवढ्या थोड्या जागेत एवढे काम चालले असता पॉइंट झिजणार, काळे पडणार, हे ओघानेच आले. शेजारचा कंडेन्सर त्यांचे रक्षण करतो. तो बिघडला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटमध्येच पडू लागते आणि ते जळतात.

या सर्व भागांचा मोठा गुण असा की, ते डोळ्यांना दिसत. म्हणून घरच्या घरी तपासाची एक परंपराच तयार झाली होती. स्टार्टर जोमाने फिरतो काय? तर बॅटरी बहुधा निर्दोष. मग कॉइलमधून निघणारी मुख्य तार डिस्ट्रिब्यूटरपासून काढून, वेष्टण असलेल्या चिमट्यात धरून, एंजिनाच्या धातूपासून अर्ध्या सेंटिमीटरवर ठेवावी आणि एंजिन फिरवावे. निळी, कडकडीत ठिणगी पडली तर कॉइल व पॉइंट सुटले. दोष टोपण, रोटर, प्लगच्या तारा किंवा प्लग यांत. पडली नाही तर कॉइलच्या खालच्या टोकास लहान दिवा जोडून पाहावे. पॉइंट उघडता-मिटताना तो लुकलुकला पाहिजे. लुकलुकत नसेल तर पॉइंट घासून फट नीट करावी किंवा सैल तार शोधावी. ठिणगी चांगली असूनही एंजिन पेटत नसेल तर मग इंधनाकडे वळावे. पेट्रोल गळत असल्याचा वास येत असेल तर ठिणगीची परीक्षा मुळीच करू नये. अशा प्रकारे प्रत्येक प्रश्नाने संशयाचे क्षेत्र अर्धे होत जाते.

परंतु पद्धत ठाऊक असणे निराळे आणि ती पाळणे निराळे. आमच्या घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी, बेळगावी, माझ्या वडिलांपाशी एक जुनी पद्मिनी होती. वडील शाळामास्तर. गाडी धुण्यास वस्तीतला एक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा दर रविवारी येत असे. त्या वर्षी पावसाळ्याच्या आरंभी दोन सोमवारी लागोपाठ गाडी सुरू झाली नाही. रविवारी धुतली, सोमवारी बंद. अनुमान सोपे होते. मुलाने एंजिनाचे झाकण उघडून तारांशी खेळ केला असला पाहिजे, असे घरात ठरले. ‘मास्तर, मी हात लावला नाही,’ असे तो दोनदा म्हणाला. वडील रागीट नव्हते. पण त्यांनी त्याला येऊ नको म्हणून सांगितले.

यानंतर एका मिस्त्रीने कॉइल बदलली. योगायोगाने आठवडाभर उघाड पडली आणि गाडी चालली. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडली! पुन्हा झड लागताच गाडी पुन्हा बंद. मग प्लग बदलले, मग बॅटरी. प्रत्येक वेळी पैसे गेले आणि प्रत्येक वेळी उन्हाने मिस्त्रीस यश दिले. अखेर शेजारी राहणारे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी एका संध्याकाळी पडवीत आले. सर्व हकीकत ऐकून घेऊन ते म्हणाले, “मास्तर, आधी दिवा मालवा.” आम्हांस काही कळेना. दिवा मालविला, त्यांनी एंजिनाचे झाकण उघडले आणि वडिलांना स्टार्टर फिरविण्यास सांगितले. त्या काळोखात डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणावर एक निळा धागा वळवळताना मी स्वतः पाहिला. मधल्या तारेच्या बुडापासून तो टोपण धरून ठेवणाऱ्या धातूच्या चापाकडे जात होता. उजेडात पाहिले तर तेथे केसाएवढी बारीक चीर. ओल धरली की त्या चिरेतून वीज पळत होती आणि प्लगपर्यंत पोहोचतच नव्हती. पाऊस असो की गाडी धुण्याचे पाणी असो, दोघांनीही केवळ आधीचा दोष उघडकीस आणला होता.

नवे टोपण थोड्या रुपयांत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील त्या मुलाच्या घरी चालत गेले आणि त्याच्या आईसमक्ष त्यांनी चूक कबूल केली. मुलगा काही बोलला नाही. तोवर तो एका दुकानात कामास लागला होता. आमच्याकडे पुन्हा आला नाही. त्या दिवशी वडील शाळेत चालतच गेले, हे मला स्मरते.

पुढे कायद्याचा अभ्यास करताना साक्षीपुराव्याचे नियम वाचले, तेव्हा तो निळा धागा अनेकदा डोळ्यांपुढे आला. आपल्या न्यायशास्त्रात कारण ठरविण्यासाठी अन्वय आणि व्यतिरेक अशा दोन कसोट्या सांगितल्या आहेत. कारण असता कार्य असते हा अन्वय. कारण नसता कार्य नसते हा व्यतिरेक. आम्ही केवळ अन्वय पाहिला होता: मुलगा आला आणि गाडी बिघडली. तो न येता पावसातही गाडी बिघडते काय, हे पाहण्यापूर्वीच निकाल देऊन मोकळे झालो होतो. मिस्त्रीने व्यतिरेकाचा आभास निर्माण केला. पण भाग बदलण्याबरोबर हवाही बदलली होती, हे ध्यानात घेतले नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकी सर्व होते तसे ठेवावे, हा नियम मोडला की यंत्रही खोटी साक्ष देते.

केटरिंगच्या पद्धतीचे राज्य १९७० नंतर संपत आले. अमेरिकेत १९७० साली हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला. झिजलेल्या पॉइंटमुळे काही ठिणग्या चुकतात आणि न जळलेले पेट्रोल धुराड्यातून बाहेर पडते. ते यापुढे चालणार नव्हते. १९७३ पर्यंत क्रायस्लरने आपल्या गाड्यांत पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आणले आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले. आपल्याकडे ही पालट विसावे शतक संपता संपता झाली. पद्मिनीचे उत्पादन एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले, अँबॅसडरचे २०१४ मध्ये. आणि ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही गेली.

या पालटाने हानी झाली असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. नव्या गाड्या पावसात बंद पडत नाहीत, दर काही हजार किलोमीटरला पॉइंट घासावे लागत नाहीत, धूरही कमी होतो. प्रत्येक प्लगला बहुधा स्वतंत्र कॉइल असते आणि तिचा दाब इतका प्रखर असतो की, चिमट्यात तार धरून ठिणगी पाहण्याची जुनी परीक्षा तेथे करणे जिवासही धोक्याचे आणि गाडीच्या मेंदूसही. मात्र दोष आता डोळ्यांना दिसत नाही. गाडीच्या खोबणीत यंत्र जोडावे, म्हणजे ते एक संकेत सांगते. ‘पी ०३०१’ असा संकेत आला तर पहिल्या नळकांड्यात ज्वलन चुकते आहे असे समजावे.

येथेच सावध राहावयाचे असते. हा संकेत म्हणजे फिर्याद आहे, निकाल नव्हे. ज्वलन चुकते एवढेच तो सांगतो. दोष कॉइलचा, प्लगचा, इंधनाच्या फवाऱ्याचा की झडपेचा, हे सांगत नाही. अशा वेळी जाणता मनुष्य गाडी बंद करून थंड होऊ देतो, पहिल्या व तिसऱ्या नळकांड्यांच्या कॉइलची अदलाबदल करतो, संकेत पुसून टाकून गाडी पुन्हा चालवितो. नवा संकेत ‘पी ०३०३’ आला तर दोष कॉइलबरोबर गेला, कॉइलच अपराधी. ‘पी ०३०१’ कायम राहिला तर कॉइल निर्दोष, पुढचा साक्षीदार बोलवा. मॉडेल टीच्या मालकाचे बोट, काळोखातला निळा धागा आणि ही अदलाबदल यांत तत्त्वतः काहीच अंतर नाही. साधने बदलली तरी तर्क तोच आहे.

तर्क चालविण्यास मात्र माहिती लागते, आणि ती कोणाच्या हाती असावी हा आता कायद्याचा प्रश्न झाला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने असा कौल दिला की, दुरुस्तीची माहिती व साधने मोटारमालकास आणि स्वतंत्र दुरुस्तीवाल्यास मिळाली पाहिजेत. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांस मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग, दोषनिदानाची साधने व माहिती स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांपासून रोखून धरली, हा त्यांच्यावरील ठपका होता. त्यावर पुढे अपिलेही झाली. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिती नेमली. हा हक्क केवळ पैसे वाचविण्याचा आहे असे समजणे संकुचितपणाचे होईल. ज्याला कारण तपासता येत नाही, त्याला दुसऱ्याने सांगितलेले कारण मुकाट्याने मान्य करावे लागते. आणि बिघाडाचे खरे कारण हाती नसले म्हणजे माणसे जवळच्या दुबळ्या माणसालाच कारण ठरवितात. आमच्या घरात नेमके हेच घडले होते.

ते चिरलेले टोपण वडिलांनी टाकून दिले नाही. त्यांच्या टेबलाच्या खणात, खडूच्या तुकड्यांशेजारी ते पडलेले असे. आता ते माझ्या कार्यालयात आहे. एखादा पक्षकार येतो, समोरच्या खुर्चीवर बसतो आणि अपराधी कोण हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो. तेव्हा मी त्याला थांबवीत नाही. त्याचे म्हणणे संपूर्ण ऐकून घेतो. मात्र कागद लिहावयास घेण्यापूर्वी एकदा त्या खणाकडे माझा हात जातो.